माळवदावरून पाहिलेला इतिहास

यंदाच्या वसंतात आपणांसमोर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चालकांनी केली, तेव्हा विषय शोधीत आम्हांस दूर जावे लागले नाही. आमचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. या वयात माणसाजवळ आठवणींखेरीज फारसे भांडवल उरत नाही. परंतु आठवण म्हणजे इतिहास नव्हे, हेही आम्ही जाणतो. म्हणून आज बालपणची एक आठवण सांगावी, कागदपत्रांशी ती ताडून पाहावी, आणि दोहोंत जे अंतर पडते त्याचा प्रामाणिकपणे विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

ती आठवण १९४८ च्या सप्टेंबरातली. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. आमचे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गापासून तीन-चार कोसांवर. सोलापुराहून हैदराबादेस जाणारा मोठा रस्ता तेथून जवळ. वडिलांचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, किराण्याचे लहानसे दुकान होते. पुढे ढेलज, मध्ये चौक, मागे परसदार आणि वर मातीचे माळवद, असे त्या भागातल्या चारचौघांसारखे आमचे घर होते.

ज्यांचा जन्म त्या संस्थानात झाला नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगितले पाहिजे. हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाखांवर. सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी. उरलेले तेलुगू व कानडी. प्रजेत बहुसंख्य हिंदू, राजा मुसलमान, आणि दरबारची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतूनच. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला 'तहतानिया' म्हणत. दुकानाच्या वहीत फसली साल लिहावे लागे. नाणेही वेगळे. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत, आणि हा हिशेब आम्हांस पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. सोलापुराहून कोणी पाहुणा आला तर करोडगिरीच्या नाक्यावर त्याचे गाठोडे सोडून पाहत. मुलाच्या दृष्टीने परदेश म्हणजे सोलापूर!

या राज्यात नागरिकांच्या हक्कांची चळवळ उशिरा रुजली, पण खोल रुजली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ साली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला व त्यापायी शिक्षणाला मुकणे पत्करले. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या संन्याशाने या सर्वांचे नेतृत्व केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर आनंद होत असता स्वामीजींना येथे अटक झाली. निजामाला स्वतंत्र राहावयाचे होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदी सरकाराशी त्याने 'जैसे थे' करार केला. पुढच्या दहा महिन्यांत कासिम रझवीच्या रझाकारांनी जो धुमाकूळ घातला त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूस स्टेट काँग्रेसची शिबिरे निघाली होती. तेथून तरुण येत, नाक्यांवर हल्ले करीत. मग रझाकार येत आणि त्याचा सूड गावांवर उगवीत.

मुलाला यातले काय कळणार? आम्हांस एवढेच कळे की, दिवेलागणीनंतर मोठ्याने बोलावयाचे नाही, आणि घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की आई चुलीवर पाणी टाकते.

आमच्या घरामागे, एका बोळापलीकडे, तहतानियाचे मुदर्रिस राहत. सारा गाव त्यांना मास्तरसाहेब म्हणे. आम्हांस अलिफ-बे त्यांनीच शिकविले. ईदेला त्यांच्याकडून कोरडा शिधा आमच्याकडे येई, आणि संक्रांतीला आत्याबाई त्यांच्या घरी तिळगूळ पाठवीत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रात्री मास्तरसाहेब परसदाराने आत आले आणि अण्णांना म्हणाले, "उद्या टोळी येणार आहे. दुकानदारांची नावं त्यांच्याजवळ आहेत. मुलांना घेऊन निघा." आम्ही तशाच अंधारात निघालो आणि चार दिवस मळ्यातल्या खोपीत काढले. परत आलो तेव्हा दुकान लुटलेले होते, पण माणसे सारी शाबूत होती. ही गोष्ट आमच्या घरी नेहमी सांगितली जाई, आणि ती खरी आहे.

अशी माणसे त्या काळी एकटीदुकटी नव्हती. 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबाद शहरात राहून रझाकारांविरुद्ध लिहिले, हिंदी संघराज्यात सामील होण्याचा पुरस्कार केला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याची किंमत प्राणांनी दिली. लढा दोन धर्मांचा होता असे जे समजतात, त्यांनी हे नाव विसरू नये.

आता तो आठवडा. १३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरच्या बाजूने हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी त्यांचे नेतृत्व करीत होते. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शत्रूला उडविता येण्यापूर्वीच त्यांनी हस्तगत केला. हे आम्ही पुढे पुस्तकांत वाचले. त्या पहाटे आमच्या कानांवर आला तो दूरवरचा धपधप असा आवाज. आजी म्हणाली, पावसाळी ढग आहेत. अण्णा काही न बोलता माळवदावर चढले आणि थोड्या वेळाने त्यांनी आम्हांस वर बोलाविले. आकाश स्वच्छ होते. दक्षिणेकडे धुराची एक रेघ उभी होती. "नीट बघून ठेवा," ते म्हणाले, "असं पुन्हा दिसायचं नाही."

तिसऱ्या दिवशी धीर करून आम्ही गाडी जुंपून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. चिखलात रुतलेली साखळी-चाकांची खोल नक्षी तेवढी आम्हांस दिसली. रणगाडे पुढे निघून गेले होते. मागून येणाऱ्या एका लष्करी मोटारीतल्या जवानाने आमच्या धाकट्या बहिणीच्या हातावर बिस्किट ठेवले. तिने ते खाल्ले नाही. बिस्किट नावाची वस्तू तिने पूर्वी पाहिलीच नव्हती. ती ते मुठीत धरून घरी घेऊन आली.

१७ तारखेस अनंत चतुर्दशी होती. घरी अनंताची पूजा होती. संध्याकाळी गावातल्या जिनिंगच्या मालकाकडे रेडिओभोवती माणसे जमली. अण्णांनी आम्हांस खांद्यावर घेतले होते. बातमी आली आणि क्षणभर कोणी हललेच नाही. मग एक म्हातारा रडू लागला, आणि त्याच्या रडण्यानेच जणू सर्वांना कळले की हे खरे आहे. गुळाच्या ढेपी फुटल्या, कोणी गुलाल आणला. रात्री प्रथमच आमच्या ढेलजेचा दरवाजा उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी चावडीवर तिरंगा लागला. तो खादीचा नव्हता. घरातल्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडून आत्याबाईंनी रात्रीत शिवला होता आणि त्याचे पट्टे सारखे नव्हते.

आता या आठवणीची तपासणी करू. आमच्या घरी अशी कथा होती की, त्या संध्याकाळी रेडिओवर खुद्द निजाम बोलला, आणि रझवीच्या टोळीने आपणास कसे वेठीस धरले होते हे त्याने सांगितले. आम्हांसही तो आवाज ऐकल्याचे अगदी स्पष्ट आठवे. पुढे अभ्यास करता कळले की, निजामाने १७ तारखेस युद्धबंदी जाहीर केली खरी, परंतु रझाकारांवर ठपका ठेवणारे ते भाषण २३ सप्टेंबरचे. शिवाय सेनापती एल्. एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ तारखेस. म्हणजे सहा-सात दिवसांत घडलेले सारे आमच्या स्मृतीने एकाच संध्याकाळी आणून बसविले होते. यात लबाडी नाही. स्मृती ही गोष्ट सांगणारी असते, तिला रोजनिशी ठेवण्याची सवय नसते.

तारखांची ही गफलत निरुपद्रवी आहे. पण स्मृती आणखी एक गोष्ट करते, आणि तीमुळेच आज आम्ही येथे उभे आहोत. ती काही गोष्टी गाळते.

आमच्या घरची कथा पुढे अशी चाले: "रझाकारांचं राज्य गेलं, मग गावोगाव उलटं वारं सुटलं. तेव्हा मास्तरसाहेबांच्या साऱ्या कुटुंबाला अण्णांनी बळदाच्या खोलीत लपवून ठेवलं आणि त्यांचे उपकार फेडले." ही कथा लग्नकार्यांत सांगितली जाई, नव्या सुनांना सांगितली जाई. आम्हीही ती शाळेत शिक्षक झाल्यावर १७ सप्टेंबरच्या भाषणांत कित्येकदा सांगितली.

उलटे वारे सुटले होते हे मात्र नुसते घरगुती बोलणे नव्हे. हिंदी सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून पाहणी केली. लष्करी कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली, असे समितीने म्हटले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आपल्या शेजाऱ्यांना प्राणांचे भय पत्करून वाचविणाऱ्या हिंदूंची नोंदही तीत आहे. हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही, आणि पुढे कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती पडला नाही. आम्ही तो वाचला तेव्हा आमचे केस पांढरे झाले होते. आपल्या जिल्ह्याचे नाव त्या यादीत पहिले पाहून आम्ही पुस्तक मिटले.

त्याच सुमारास आत्याबाईंचे अखेरचे दुखणे चालू होते. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे गेले होते, पण बुद्धी शाबूत होती. आम्ही त्यांच्या उशाशी बसून हीच जुनी कथा कुठल्याशा पाहुण्याला सांगत होतो. पाहुणा उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या रात्रीचं कुणी सांगत नाही रे बाबा. तूसुद्धा."

आणि श्रोते हो, आम्हांस ती दुसरी रात्र आठवत होती! आम्ही ती विसरलो नव्हतो. फक्त तिला कधी कथेत घेतले नव्हते.

पितृपक्ष लागला होता. पहिल्या रात्री मास्तरसाहेब, त्यांची पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुले परसदाराने आत आली. बळदाच्या खोलीत त्यांची निजण्याची सोय केली. आईने भाकरी दिल्या. हे सारे कथेप्रमाणेच घडले. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी काही माणसे दुकानावर आली. ती परगावची नव्हती. त्यांनी चहा मागितला, तंबाखू घेतली, आणि जाताना अण्णांना म्हणाली, "कुणाच्या घरी कोण आहे, सगळं ठाऊक आहे आम्हांला." त्या संध्याकाळी अण्णांनी मास्तरसाहेबांना सांगितले की, गावात आता शांत आहे, घरी जाण्यास हरकत नाही. मास्तरसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मान हलविली, आणि ती पाच माणसे बोळ ओलांडून गेली.

त्याच रात्री उशिरा परसदारावर थाप पडली. पहिली थाप हलकी होती. मग दोन जोराच्या. चांदणे होते, आणि दाराच्या फटीखालून पायांच्या सावल्या दिसत होत्या. आईने आमच्या तोंडावर हात ठेवला. अण्णा चौकात उभे होते, कडीपासून दोन हातांवर. ते पुढे झाले नाहीत आणि मागेही आले नाहीत. थोड्या वेळाने सावल्या गेल्या. सकाळी मास्तरसाहेबांचे दार सताड उघडे होते आणि दावणीला बांधलेली शेळी ओरडत होती.

ते लोक वाचले. चार रात्री शेतांतून चालत ते सोलापूरच्या हद्दीत पोचले. त्यांची वृद्ध आई मात्र वाटेत गेली. हे आम्हांस चार-पाच वर्षांनी कळले, कारण मास्तरसाहेब एकदा नोकरीचे काही दाखले घेण्यासाठी गावात आले होते. आमच्या ढेलजेत ते घटकाभर टेकले. पाणी प्याले. आम्ही कोणत्या इयत्तेत आहोत हे विचारले, आणि उर्दू विसरू नकोस, असे म्हणाले. अण्णा समोर वही उघडून बसले होते. त्यांनी एकही पान उलटले नाही. दोघांपैकी कोणीही त्या रात्रीचा उल्लेख केला नाही. ते गेल्यावर अण्णा पुष्कळ वेळ तेथेच बसून राहिले.

अण्णांना दोष देणे आज फार सोपे आहे. त्यांच्या घरात चार मुले होती, आणि दुकानावर आलेली माणसे खोटे बोलत नव्हती. आम्ही त्यांच्या जागी असतो तर कडी काढली असती, असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही. परंतु न उघडलेल्या दारापेक्षा आम्हांस अधिक सलते ते पुढचे. त्या रात्रीनंतर साठ वर्षे आमचे सारे कुटुंब पहिली रात्र सांगत राहिले आणि दुसरी गाळत राहिले. एका रात्रीची भीती समजण्यासारखी आहे. साठ वर्षांच्या मौनाला भीतीचे कारण पुरत नाही.

येथे कोणी म्हणेल, असे बोलून तुम्ही मुक्तिसंग्रामाला उणेपणा आणता. आम्हांस तसे वाटत नाही. चावडीवर लागलेला तो वेडावाकडा तिरंगा आम्हांस आजही तितकाच प्रिय आहे. ज्यांनी तुरुंग भोगले, ज्यांची घरे जळली, जे मारले गेले, त्यांच्यामुळे आम्ही प्रजेचे नागरिक झालो. नाहीतर दुकानाची वही फसली सालातच लिहीत राहिलो असतो. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत, आणि त्यांच्यानंतर जे निरपराध शेजाऱ्यांवर झाले तेही खरे आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही. मोठमोठ्या हिशेबांत राज्यकर्त्यांची सोय पाहिली जाते. ज्या निजामाविरुद्ध हा लढा झाला तोच २६ जानेवारी १९५० पासून हैदराबादचा राजप्रमुख झाला, आणि संस्थानाचे त्रिभाजन होऊन मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत त्या पदावर राहिला. कासिम रझवी १९५७ साली सुटून पाकिस्तानात गेला. तहतानियाच्या मास्तरसाहेबांना मात्र आपल्या आईचे थडगे कोणत्या बांधावर आहे हेही नक्की सांगता येत नव्हते.

या साऱ्यावरून आमचे मत असे झाले आहे की, बालपणी पाहिलेल्या ऐतिहासिक प्रसंगाला साक्षीचे मोल आहे, पण साक्षीदाराने आपण कोठे उभे होतो हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही माळवदावर होतो, वडिलांच्या खांद्यावर होतो, आणि बंद दाराच्या आतल्या बाजूस होतो. माळवदावरून धूर दिसला, खांद्यावरून गुलाल दिसला. दाराच्या बाहेरच्या बाजूने ती रात्र कशी दिसली हे आम्हांस ठाऊक नाही, आणि जे सांगू शकले असते त्यांना आम्ही कधी विचारले नाही.

तारखा कागद देतात. आकडे समित्या देतात. पण पहिली थाप हलकी होती, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. ते ज्याने ऐकले त्यानेच सांगावयाचे असते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून आजी-आजोबा असतील. कोणी १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला असेल, कोणी १९७२ चा दुष्काळ, कोणी १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. त्यांच्याजवळ बसावे. त्यांची नेहमीची कथा पूर्ण ऐकून घ्यावी, ती तारखेसह लिहून ठेवावी, आणि कागदांशी ताडावी. मग, ती संपल्यावर, हळूच एक प्रश्न विचारावा: "आणि दुसऱ्या रात्री काय झालं?"

आत्याबाई गेल्यानंतरच्या १७ सप्टेंबरला गावच्या शाळेने आम्हांस ध्वजवंदनासाठी बोलाविले. नेहमीप्रमाणे भाषण झाले. त्या दिवशी आम्ही प्रथमच दोन्ही रात्री सांगितल्या. मुले गप्प बसून ऐकत होती. भाषणानंतर सातवीतला एक मुलगा जवळ आला आणि त्याने विचारले, "मग त्या शेळीचं काय झालं?"

आईने तिला आमच्या दावणीला आणून बांधले होते. दोन वर्षे आम्ही तिचे दूध प्यालो. हेही आम्ही तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.